रोज कोथरूड ते हिंजवडी, तीही मॅन्युअल गाडीने

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला घर, हिंजवडी फेज तीनला नोकरी, रोजचं जाणं-येणं स्वतःच्या गाडीने. गाडी सहा वर्षांची, १.२ लिटर पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल हॅचबॅक. ३२,००० किलोमीटरलाच क्लचप्लेट गेली आणि मागच्या महिन्यात ११,००० रुपयांचं बिल भरावं लागलं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत डावा गुडघा ठणकतो. ऑफिसातले सगळे सांगतात, ही विक आणि ऑटोमॅटिक घे. त्यात पत्नीलाही गाडी शिकायची आहे, तर तिने कशावर शिकावं?

माझं आधीचं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं आणि नंतरचं लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांना गाडी शिकवण्यात, दोन्ही पुण्यातच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. निकाल आधी सांगतो: आत्ता लगेच गाडी विकू नका. नवीन क्लच सेट नुकताच बसलाय, त्याचे पैसे तुम्ही भरलेत. हिंजवडीच्या रस्त्यालाही नीट चालवलेल्या छोट्या पेट्रोल गाडीची प्लेट ६०-७० हजार किलोमीटर सहज जाते, हायवेचं चालणं जास्त असेल तर लाखाच्याही पुढे. ३२,००० ला जाते तेव्हा बहुतेक वेळा दोष पायाचा असतो. पाय तोच राहिला आणि तुम्ही स्वस्तातली ऑटोमॅटिक घेतलीत तर प्लेटचं दुखणं संपेलच असं नाही. का, ते पुढे येईल.

क्लचप्लेट कधी झिजते, एवढं एकदा पक्कं समजून घ्या. पेडल पूर्ण सोडलेलं असतं तेव्हा प्रेशर प्लेट त्या चकतीला, म्हणजे क्लचप्लेटला, फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर) घट्ट दाबून धरते. तिघं एकत्र फिरतात, घासाघीस नाही, झीज नाही. पेडल पूर्ण दाबलेलं असतं तेव्हा चकती मोकळी, तेव्हाही प्लेट झिजत नाही (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं रिलीज बेअरिंग मात्र दाबाखाली फिरत राहतं, आणि तुमचा गुडघाही दाबाखाली राहतो). झीज होते ती फक्त मधल्या अवस्थेत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. गाडी उचलताना तो सेकंद-दीड सेकंद लागणारच, त्यासाठीच तर प्लेट बनवलेली असते. पण भूमकर चौकाच्या रांगेत पाय अर्ध्यावर धरून गाडी इंच-इंच पुढे सरकवत राहिलात, तर त्या दहा मिनिटांत होणारी झीज हायवेवर शंभर किलोमीटरमध्येही होत नाही.

तुम्ही जुनी प्लेट गॅरेजवाल्याकडून मागून घेतली होती का? बहुतेक लोक घेत नाहीत. पुढच्या वेळी घ्या आणि प्रेशर प्लेटही शेजारी ठेवून बघा. प्लेटचं अस्तर दोन्ही बाजूंनी सारखं घासून रिवेटपर्यंत आलं असेल आणि प्रेशर प्लेटच्या गुळगुळीत पत्र्यावर निळे-जांभळे डाग असतील, तर प्लेट तापून गेली आहे, म्हणजे हाफ क्लच. अस्तर बऱ्यापैकी शिल्लक आहे, पण काळंकुट्ट, चिकट, बोटाला तेल लागतं, तर इंजिनच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळतंय. त्यात तुमचा काही दोष नाही, आणि सील न बदलता नवी प्लेट टाकली असेल तर तीही तशीच जाणार. एखाद्या ठिकाणी प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा खुळखुळतात, ते झटक्याने क्लच सोडण्याचं लक्षण. जुनी प्लेट हातात घेऊन दोन मिनिटं बघितली की चालवणाऱ्याबद्दल बरंच कळतं.

आता खरी गोष्ट, रांगेत गाडी चालवायची कशी.

तुमची गाडी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला अजिबात पाय न लावता, क्लच पूर्ण सोडून, सपाट रस्त्यावर ताशी ६ ते ८ किलोमीटर वेगाने आपोआप चालते. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. त्यांना वाटतं क्लच पूर्ण सोडला की गाडी बंद पडेल. पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये ती भीती खरी होती. आताच्या गाड्यांमध्ये इंजिनाचा कॉम्प्युटर आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहणं, सांभाळतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) पडायला लागला की तो थोडं पेट्रोल वाढवतो, एसी चालू असेल तर इंजिन जरासं हुंकारतं आणि गाडी चालत राहते. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर करून बघा. क्लच सावकाश पूर्ण सोडा, पाय बाजूला घ्या आणि गाडीला तिच्या चालीने चालू द्या. दुसऱ्या गिअरमध्येही ती अशीच साधारण ११-१२ च्या वेगाने चालते.

याचा उपयोग असा. पुढची गाडी पाच फूट सरकली म्हणून तुम्ही पाच फूट सरकायचं, हे सोडा. ती सरकू द्या. दोन गाड्या मावतील एवढी जागा होऊ द्या आणि मग पहिला टाकून, एकदाच क्लच सोडून, पायाला सुट्टी देऊन त्या जागेतून रमतगमत जा. पोचाल तेव्हा पुढची गाडी पुन्हा हललेली असते. पाच-सहा वेळा दाबायचा क्लच एकदा दाबला जातो, आणि हाफ क्लचवरचा वेळ तर जवळपास संपतो.

तुम्ही म्हणाल, एवढी जागा ठेवली की दुचाकीवाले घुसतात. घुसतातच. पुण्यात मोकळी जागा दिसली आणि दुचाकी आली नाही असं होत नाही. घुसू द्या. दोन दुचाक्या पुढे गेल्याने तुम्ही फेज तीनला किती उशिरा पोचाल? एका सिग्नलचाही फरक पडत नाही. मागचा हॉर्न वाजवेल, त्याला वाजवू द्या. जागा न ठेवता चिकटून चालणाऱ्याला मी वर्गात कितीही सांगितलं तरी तो ऐकत नाही, ११,००० चं बिल आलं की ऐकतो.

सिग्नलचं सोपं आहे, कारण आपल्याकडे बऱ्याच चौकांत आकडे उलटे मोजणारे दिवे आहेत. आकडा वीसच्या वर असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक आणि डावा पाय पेडलवरून काढून बाजूला. पाचवर आला की क्लच, पहिला गिअर. (तीनवर मागून हॉर्न सुरू होतात, त्याची सवय ठेवा.) गाडीत इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल तर मॅन्युअलमध्ये तीही न्यूट्रल करून क्लच सोडल्यावरच चालते. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून बसणाऱ्यांना ती सोय असून नसल्यासारखी.

आणखी एक सवय, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही: ब्रेकच्या आधी क्लच दाबणं. पुढे लाल दिवा दिसला की बहुतेकांचा डावा पाय आधी खाली जातो. त्यामुळे गाडी मोकळी धावायला लागते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि क्लच विनाकारण लांबवर दाबून धरला जातो. आधी फक्त ब्रेक. वेग उतरत १५ च्या आसपास आला, इंजिन घुटमळायला लागलं, की मग क्लच. अचानक थांबायची वेळ आली तर अर्थातच दोन्ही एकदम. स्पीडब्रेकरलाही हेच. अलीकडेच ब्रेक मारून वेग उतरवा, दुसऱ्यात टाका, क्लच सोडा आणि मग चाक चढू द्या. काही सोसायट्यांनी स्वतःच घातलेले उंचवटे मात्र पहिल्याशिवाय पार होत नाहीत, त्यांना इलाज नाही.

तुमच्या रस्त्याबद्दल सांगायचं तर कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे चढ आहे. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन पूल-रस्ते सुरू झाले. गर्दीची जागा बदलली, पण चढ आहे तिथेच आहे. चढावर रांगेत थांबल्यावर ब्रेकऐवजी क्लच-ॲक्सिलरेटरच्या तोलावर गाडी धरून ठेवण्यात काहींना मोठं कौशल्य वाटतं. बघायला छान दिसतं खरं. पण गाडी जागेवर उभी, इंजिन फिरतंय, म्हणजे सगळी ताकद त्या चकतीत उष्णता होऊन जाते. अर्ध्या मिनिटात जळका वास यायला लागतो. तो वास एकदा आला म्हणजे अस्तराचा काही भाग गेला असं समजा.

चढावर हँडब्रेक वापरा. थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा. निघताना पहिला गिअर, ॲक्सिलरेटर हलकासा दाबून आरपीएम दीड हजारावर, क्लच सावकाश वर. एका ठिकाणी बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचं मागचं अंग जरा दबतं. तिथे पाय क्षणभर थांबवायचा आणि हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे न जाता पुढे निघते. लायसनच्या परीक्षेत चढावर थांबवून, मागे न जाऊ देता पुन्हा निघणं हा भाग नियमातच आहे. पण लायसन मिळाल्यावर हँडब्रेक फक्त पार्किंगसाठी उरतो. नव्या गाड्यांत हिल होल्ड असतं, ते ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरतं. असेल तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर मूळ पद्धत विसरू नका.

चढापेक्षाही वाईट जागा म्हणजे बेसमेंट पार्किंगचे रॅम्प. रविवारी संध्याकाळी मॉलमधून बाहेर पडायची रांग उभ्या चढावर थांबलेली असते, वर तिकीटवाला एकेकाला सोडत असतो, आणि खाली प्रत्येक जण क्लचवर गाडी तोलत असतो. सगळा रॅम्प करपलेल्या वासाने भरतो. उपाय साधा आहे: रॅम्पच्या पायथ्याशी सपाट जागेवर थांबा, वरची गाडी बाहेर पडेपर्यंत चढूच नका, आणि मग एका दमात वर जा. मागचे ओरडतील. त्यांची प्लेट त्यांच्याकडे.

उताराबद्दल दोनच वाक्यं, पण ती महत्त्वाची. उतारावर न्यूट्रल करू नका. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी केलेल्या न्यूट्रलने ते जास्त जातं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एकाच अपघातात चाळीसहून जास्त गाड्या सापडल्या होत्या. तो उतार आणि तिथे न्यूट्रलवर सोडलेली जड वाहनं हा पुण्यात कायमचा विषय आहे. छोट्या गाडीलाही तोच नियम: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. (दोनच वाक्यं म्हणालो होतो, असो.)

आता गुडघा. मी डॉक्टर नाही. दुखणं महिनाभरात कमी झालं नाही किंवा गुडघ्याला सूज असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. पण गाडीतली तीन कारणं आधी तपासा.

पहिलं कारण वर आलंच. पेडल पूर्ण दाबून सोडण्याने पाय एवढा दमत नाही, जेवढा अर्ध्यावर तोलून धरण्याने दमतो. हाफ क्लच कमी झाला की निम्मं दुखणं तिथेच कमी झालेलं मी खूप जणांत पाहिलंय.

दुसरं, बसणं. पाठ सीटला पूर्ण टेकवून क्लच तळापर्यंत दाबा. त्या वेळी गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. पाय सरळ ताणला जात असेल तर सीट लांब आहे आणि प्रत्येक वेळी तुम्ही कमरेतून जोर लावताय. गुडघा स्टिअरिंगखाली अडत असेल तर सीट जवळ आहे. सीटची उंची बदलता येत असेल तर तीही बदलून बघा, एक-दोन खाचांनीही फरक पडतो. टाच शक्यतो जमिनीला टेकलेली हवी. डावीकडे पाय ठेवायला सपाट जागा असते. चालत्या गाडीत डावा पाय तिथे, पेडलवर नाही. पेडलवर नुसता पाय ठेवून चालवलं तरी प्रेशर प्लेटवरचा दाब थोडा कमी होतो आणि प्लेट हळूहळू सरकते, म्हणजे घसरत झिजते. आणि चप्पल घालून चालवू नका. कोल्हापुरी घालून ऐटीत गाडी चालवणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण चपलेची टाच पेडलखाली अडकते तेव्हा ऐट राहत नाही.

तिसरं कारण ऐकून लोक हसतात: मॅट. गाडी घेतल्यावर हौसेने जाडजूड, फोम भरलेली मॅट बसवून घेतात आणि त्यावर पुन्हा रबरी मॅट टाकतात. क्लचच्या पेडलाला तळापर्यंत जायला जागाच उरत नाही. शेवटचे दोन सेंटिमीटर मॅट दाबण्यात जातात. मग पाय जास्त जोर लावतो, क्लच तरीही पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो आणि रिव्हर्स तर बसतच नाही. गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरून गॅरेजला आलेल्या गाडीतली मॅट बाहेर काढून दिली आणि गाडी बरी झाली, असं अनेकदा घडलंय. आज संध्याकाळी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून पेडल तळापर्यंत दाबून बघा.

मॅटचा दोष नसेल आणि पेडलच जड असेल, तर केबलच्या क्लचमध्ये केबल कोरडी पडलेली असते किंवा तिचे तार सुटायला लागलेले असतात. नवी केबल फार महाग नसते. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर पेडल जड होण्यापेक्षा मऊ होणं धोक्याचं: दाबल्यावर खाली बसतं, दोनदा दाबल्यावर गिअर पडतो, म्हणजे कुठेतरी गळती आहे. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं फ्लुइड एकाच डबीतून येतं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि दोन-तीनशे रुपयांच्या त्या बाटलीसाठी लोक उगाच काटकसर करतात. नवा सेट बसल्यानंतरही पेडल पूर्वीएवढंच जड लागत असेल तर ज्याने काम केलं त्याच्याकडे परत जा. नव्या सेटनंतर पेडल हलकं झालेलं जाणवायलाच हवं.

इथेच आवाजांचंही सांगतो. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलला घरघर आणि क्लच दाबल्यावर ती बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, ते काम मोठं. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा उचलताना थरथरली तर घाबरू नका, फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर धरलेला असतो, दोन-चारदा उचलली की जातो. दिवसभर थरथर राहिली तर दाखवा. प्लेट सरकतेय का, हे बघायला गाडी चौथ्यात चढावर असताना ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा वर पळतोय आणि वेग तिथेच, म्हणजे प्लेट संपत आली. त्या अवस्थेत ताम्हिणी घाटात जायचा बेत आखू नका.

पुढे कधी क्लचचं काम निघालंच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी असते ती गिअरबॉक्स उतरवण्याची. शे-पाचशे वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं आणि ते सहा महिन्यांनी वाजायला लागलं की सगळी मजुरी पुन्हा. गिअरबॉक्स खाली आहे तोवर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि मागचं ऑइल सील बघून घ्यायला सांगा, आणि गिअर ऑइल नवं भरा. नाना पेठेत सुटे भाग स्वस्त मिळतात हे खरं, पण क्लच सेट घेताना ओळखीच्या दुकानातून, पॅकबंद आणि पक्क्या बिलासह घ्या. जुन्या प्लेटवर नवं अस्तर चढवून देणारेही आहेत. टेम्पोवाल्याला ते चालतं, तुम्हाला नको. तुमचा सेट नवीन आहे, म्हणून पहिले पाच-सातशे किलोमीटर गाडी हलक्या पायाने उचला, अस्तर नीट बसायला तेवढा वेळ लागतो.

मायलेजवरून तुमच्या सहकाऱ्यांत वाद होत असणार, तर तेही. ज्या एआरएआयच्या मायलेजच्या आकड्याने गाड्या विकल्या जातात ती गाड्यांची चाचणी घेणारी संस्था तुमच्या घराच्या वरच, वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार, एसी बंद ठेवून चालवतात. वाकडच्या पुलाखाली एसी लावून पाऊण तास उभ्या असलेल्या गाडीशी त्या आकड्याचा संबंध नाही. गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक आहे, त्यावरून महिन्याच्या पेट्रोलचा हिशोब मांडू नका. गिअर वेळेवर बदलणं, म्हणजे छोट्या पेट्रोल इंजिनात दोन-अडीच हजार आरपीएमच्या आसपास वरचा गिअर टाकणं, एवढं केलंत तरी पुरे. मात्र ३० च्या वेगाला चौथा टाकून गाडी ढकलत नेऊ नका. इंजिन धडधडत असेल तर ते खालचा गिअर मागतंय.

आता ऑटोमॅटिक. मी विरोधात नाही. पण 'ऑटोमॅटिक' या एका पाटीखाली तीन-चार वेगळे प्रकार विकले जातात आणि घेणाऱ्याला फरक सांगितला जात नाही. सगळ्यात स्वस्त ती एएमटी. आपल्याकडे ती २०१४ च्या सेलेरियोपासून सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजार जास्त. तिच्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचप्लेटही तीच, फक्त तुमच्या पायाऐवजी एक यंत्र ती दाबतं-सोडतं. गुडघ्याला आराम, यात शंका नाही. पण रांगेत इंच-इंच सरकवलीत तर ते यंत्रही हाफ क्लचच करतं, आणि चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर धरून ठेवलीत तर प्लेट तशीच जळते. वर ते यंत्र बिघडलं तर त्याचा खर्च वेगळा. म्हणून म्हणालो की पाय तोच राहिला तर फायदा अर्धाच.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी (ज्यात ठरलेले गिअर नसतात, पट्ट्यावर गती सलग बदलते) हे खऱ्या अर्थाने गर्दीसाठी बनलेले. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जोडणी तेलातून होते, त्यामुळे रांगेत सरकताना घासणारी प्लेट नाही. किंमत मॅन्युअलपेक्षा लाखभर किंवा जास्त, टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्या पेट्रोलही थोडं जास्त पितात. ड्युअल क्लचवाल्या, म्हणजे दोन क्लच आलटून-पालटून वापरणाऱ्या गाड्या हायवेला मस्त, पण कोरड्या क्लचची (ज्यात क्लच तेलात बुडलेले नसतात अशी) ड्युअल क्लच गाडी भर उन्हात रांगेत तापते, फक्त हिंजवडीसाठी मी ती सुचवणार नाही. इलेक्ट्रिकमध्ये तर क्लचचा प्रश्नच मिटला. सोसायटीत चार्जर बसवायची परवानगी मिळत असेल तर रोजच्या ठरलेल्या अंतराला तीच सगळ्यात शहाणी निवड.

तर तुमच्यापुरतं असं करा. नव्या क्लचवर पुढचे चार-सहा महिने वर सांगितल्याप्रमाणे चालवा, सीट आणि मॅट आजच बघा. गुडघा शांत झाला तर गाडी अजून चार वर्षं वापरा, तिच्यात काही वाईट नाही. गुडघा शांत झाला नाही, किंवा डॉक्टरनेच नको म्हटलं, तर मन मारून चालवू नका. सरळ टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा इलेक्ट्रिक बघा, एएमटीवर अडून राहू नका. सीएनजीचा विचार असेल तर लक्षात ठेवा, गॅसवर गाडी खालच्या आरपीएमला जरा मंद उचलते, म्हणजे क्लचवरचा हात, खरं तर पाय, आणखी हलका लागतो. पूर्वी कारखान्यातून आलेली सीएनजी गाडी म्हणजे मॅन्युअलच असायची. २०२४ मध्ये टाटांनी टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजीबरोबर एएमटी आणली, तेव्हापासून तोही पर्याय आहे.

राहिलं वहिनींचं शिकणं. त्यांना मॅन्युअलवरच शिकू द्या, गाडी घरात आहेच. आधी एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ द्या, पण एक लक्ष ठेवा. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात, आणि घाईतला शिक्षक क्लच स्वतःच दाबत राहतो. विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला जमलं. कोर्स संपतो, घरची गाडी काढली की ती गेटमध्येच तीनदा बंद पडते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच शिक्षकाला सांगायचं, आज पाय बाजूला ठेवा.

घरच्या गाडीवर, लर्निंग लायसन जवळ ठेवून, एल लावून आणि तुम्ही शेजारी बसून, सकाळी लवकर सपाट मोकळ्या रस्त्यावर एवढंच करून घ्या: ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. पहिला गिअर, नुसत्या क्लचवर गाडी दहा फूट न्यायची, थांबवायची, पुन्हा न्यायची. गाडी कुठे हलायला लागते ती जागा पायाला कळेपर्यंत दुसरं काही नाही. बंद पडली तर पडू द्या, त्याने गाडीचं काही बिघडत नाही, आणि तुम्ही शेजारून 'क्लच, क्लच' असं ओरडू नका. नवऱ्याकडून शिकताना बायको घाबरते ती गाडीला नव्हे, या ओरडण्याला. हे जमलं की एखादा हलका चढ आणि हँडब्रेक. पौड रोडवर संध्याकाळी सहाला न्यायची घाई त्यानंतरही करू नका. पहिले काही दिवस सकाळी सातच्या आत निघून चांदणी चौकापर्यंत चढवून परत आणायची, तेवढं पुरे.